हसण्याआधी कापलं

माझ्या वडिलांचं हलतं-बोलतं चित्र या जगात एकच शिल्लक आहे, आणि ते खोटं आहे. फोटो तीन-चार आहेत, त्यांतला एक रेशनकार्डावरून मोठा करून घेतलेला. पण ज्यात बाबा मान वळवतात, डोळे मिटतात, हात उचलतात असं चित्र फक्त एका टीव्ही वाहिनीने तुरुंगातल्या जीवनावर केलेल्या माहितीपटात आहे. मिनिटभराचं असेल. त्या मिनिटभरात माझे बाबा खुनी आहेत. बाबा खुनी नव्हते, कोर्टानेही तसं सांगितलं होतं, गावाने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही आज, माझे केस पिकायला लागलेले असताना, मला हे सगळं पुन्हा लिहावं लागतं आहे. पहिल्यांदा लिहिलं होतं ते कॉलेजच्या वहीत, आणि ती वही सरांनी कधी परत केली नाही.

आमचं घर नवेगाव बांधपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या खेड्यात होतं. मातीच्या दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात पेरूचं झाड. त्या घराचा आवाज कोणता असं कोणी विचारलं तर मी कात्रीचा म्हणेन. माय बिड्या वळायची. भिजवलेली तेंदूची पानं मांडीवरच्या सुपात घ्यायची, एकेका पानावर पत्र्याचा फरमा ठेवायची आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची. सकाळच्या चहाआधी सुरू झालेली ती कात्री दिवेलागणीला थांबायची. फरम्याबाहेर उरलेले पानाचे तुकडे चुलीजवळच्या टोपलीत जायचे, त्यामुळे आमच्या चुलीच्या धुराला तेंदूचा वास असायचा. त्याच चुलीवर लाखोरीची डाळ शिजायची, भात व्हायचा, आणि सुकवलेल्या झिंग्यांची चटणी तव्यावर परतली की शेजारची मांजर दारात येऊन बसायची. बाबा तलावावर मासे धरायचे, थंडीत शिंगाडे काढायचे. शिंगाडे उकडले की आम्हा सगळ्यांची बोटं दोन दिवस काळी राहायची. माय ओरडायची, आणि मग स्वतःच सोलायला बसायची.

पण बाबांना विचारलं की तुम्ही काय करता, तर ते मासे सांगत नसत, शिंगाडे सांगत नसत. ते सांगायचे, मी दंडारीत काम करतो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसभर जत्रा, पाहुणे, आणि मैदानात दंडार, म्हणजे ढोलकी-टाळांच्या साथीवर गाणी म्हणत, नाचत केलेली सोंगं. बाबांच्या वाट्याला नेहमी दुष्टाचं सोंग यायचं. भावाला मारणारा, सुनेला छळणारा, गावाला फसवणारा. दंडारीबाहेर कोंबडीही न मारणारे माझे बाबा चेहऱ्याला रंग लावून मैदानात उतरले की पुढच्या रांगेतली लेकरं रडायची. म्हणूनच आमच्या गावच्या दंडारीत एक रीत होती. दुष्टाचं सोंग संपलं की कलाकाराने लोकांना हात जोडायचे, एक श्वास थांबायचं आणि मोकळं हसायचं. त्याला म्हणायचे सोंग उतरवणं. हसल्याशिवाय मैदान सोडायचं नाही, नाहीतर सोंग अंगावर राहतं आणि माणसाबरोबर घरी येतं, असं जुने लोक सांगत. बाबांचं ते हसणं पाहायला लोक सोंगापेक्षा जास्त थांबायचे, कारण त्यांचा पुढचा एक दात तुटका होता आणि हसले की ते दहा वर्षांनी लहान दिसायचे.

त्या वर्षी शेजारच्या गावच्या मंडईत आमची दंडार गेली होती. कोणाची दंडार आधी आणि कोणाची नंतर यावरून दोन गटांत बाचाबाची झाली, मग काठ्या निघाल्या, आणि मैदानामागच्या गल्लीत त्या गावचा एक माणूस डोक्याला मार लागून पडला तो उठलाच नाही. त्याच्या घरचं दुःख खरं होतं, त्याबद्दल मी आजही एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण तक्रारीत ज्यांची नावं लिहिली गेली त्यांत डोमाजी म्हणून माझ्या बाबांचंही नाव होतं, आणि ज्या वेळी काठी पडली त्या वेळी बाबा गावभर लोकांसमोर मैदानात उभं राहून सोंग करत होते. आरडाओरड झाली म्हणून सोंग अर्धवट राहिलं. पोलीस आले तेव्हा त्यांच्या तोंडावर रंग तसाच होता. तो रंग पाण्याने जात नाही, त्याला खोबरेल तेल लागतं. माय दुसऱ्या दिवशी बाटलीत तेल घेऊन ठाण्यावर गेली, तर शिपायाने बाटली आत जाऊ दिली नाही. तीन दिवस माझे बाबा दुष्टाच्या चेहऱ्याने कोठडीत बसले आणि त्याच चेहऱ्याने त्यांना लोकांनी गाडीत चढताना पाहिलं. एक वाटी तेल लागलं असतं हो!

वर्षभरापेक्षा जास्त काळ ते लांबच्या शहरातल्या तुरुंगात होते. मग कोर्टाने सोडलं. निर्दोष म्हणून सोडलं. घरी आले त्या दिवशी मायने कात्री उचलली नाही, आणि अंगणात माणसं मावेनात. बाबा तुरुंगाबद्दल फार बोलत नसत, पण एक गोष्ट मात्र त्यांनी त्या पहिल्याच दुपारी सगळ्यांना सांगितली आणि नंतर महिनाभर सांगत राहिले. तिथे टीव्हीवाले आले होते. कैद्यांचं जीवन दाखवायचं होतं त्यांना. तुरुंगाच्या साहेबांनी सांगितलं की हा माणूस कलाकार आहे, याच्याकडून काही करून घ्या.

"मंग मी म्हनलो, सोंग आनाचं तं पोशाख पायजे," बाबा सांगायचे. "आमी कच्चे कैदी, आमाले घरचेच कपडे. चौकड्याच्या शर्टात खुनी कसा दिसन गा? एका पक्क्या कैद्याचे पांढरे कपडे मागून आनले, टोपी मागून आनली. आन् असा उभा राह्यलो!"

आणि ते अंगणात उभे राहायचे. तुरुंगात त्यांनी एक नवं सोंग रचलं होतं. धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, भावाला मारणारा माणूस. बाकीच्या कैद्यांनी पालथ्या बादलीवर ठेका धरला होता, टाळ्या वाजवल्या होत्या. आधी नमन, मग सोंगाची ओळख, मग सोंग, मग हात जोडणं आणि हसणं. सगळं त्यांनी कॅमेऱ्यासमोर केलं होतं. आमच्या जुन्या सोंगांपेक्षा हे चांगलं होतं, कारण यातला दुष्ट शेवटी रडायचा. बाबांना वाटत होतं की टीव्हीवर ते दिसलं की त्यांची दंडार मोठ्या मंडयांना बोलावली जाईल. कोणत्या वाहिनीवर, कधी, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे टीव्हीही नव्हता. तरी ते वाट पाहत होते.

एका थंडीपर्यंत सगळं नीट होतं. मग काय झालं कळलं नाही, दंडार मंडळाचे लोक आमच्या दारावरून जाताना मान खाली घालू लागले. मंडळाचे अध्यक्ष मोतीराम काका, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, तालमीचा निरोप धाडेनासे झाले. बाबांचं काम दुसऱ्याला दिलं. बाबा एकदा त्यांच्या घरी गेले आणि विचारून आले. "काऊन गा मोतीराम, माहं काम काऊन काढलं?" मोतीराम काका म्हणाले, नव्या पोरांना संधी द्यायची आहे. बाबांनी ते खरं मानलं. जेलात जाऊन आलेल्या माणसाला लोक थोडे बिचकणारच, असं म्हणाले आणि जाळं घेऊन तलावावर गेले. मला मात्र ते पटलं नाही. सुटून आल्यावर ज्यांनी मिठ्या मारल्या ते वर्षभराने कशाला बिचकतील?

बारावीनंतर मी गोंदियाच्या कॉलेजात गेले आणि तिथल्या मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. शहरात सगळे हिंदीत बोलायचे, रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत. माझी खोलीसोबतीण रेणू तर मराठीच्या तासालाही हिंदीत विचार करायची. मी घरचं फार काही सांगितलं नव्हतं. वडील मासेमारी करतात एवढंच. आम्हाला माध्यमांचा एक जादा विषय होता आणि तो शिकवायला निमकर सर होते. बाहेरगावचे, सिनेमावर जीव टाकणारे, शबनम पिशवीतून सीडी काढून कॉलेजच्या टीव्हीवर दाखवणारे. मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले हे आधी कबूल करते. कॅमेरा कुठे ठेवला यावर माणूस लहान-मोठा होतो, दोन चित्रं शेजारी ठेवली की तिसराच अर्थ तयार होतो, हे मला त्यांनी शिकवलं. म्हणून तर त्यांचा राग जास्त येतो.

त्या दिवशी सरांनी तुरुंगावरचा माहितीपट लावला आणि सांगितलं की नुसता पाहायचा नाही, तो कसा बनवला आहे ते पाहायचं. पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने उभं राहून एका प्रसंगाचं विश्लेषण करायचं. मी वही उघडून बसले होते. भिंती, बराकी, भाताची पातेली, आणि मग गजांमागे पांढऱ्या कपड्यात, पांढऱ्या टोपीत, माझे बाबा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. निवेदकाचा जड आवाज सांगत होता की काही गुन्हेगारांचा भूतकाळ त्यांची पाठ सोडत नाही. मग बोटं दिसली, नुसती बोटं, एकमेकांवर घासणारी, थांबतच नाहीत अशी. एक खोल ढोल वाजला. बाबा म्हणाले, "माह्याच हातानं मारलं जी मी. भाऊ होता तो." पुन्हा ढोल. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि पडदा काळा झाला.

सरांनी चित्र मागे नेलं आणि बाबांच्या चेहऱ्यावर थांबवलं. "पाहा, कॅमेरा गजांच्या बाहेर ठेवलाय. का? म्हणजे प्रेक्षक सुरक्षित राहतो आणि तो माणूस पिंजऱ्यात दिसतो. प्रकाश एकाच बाजूने. का? मनातलं द्वंद्व. ही बोटं पाहा, अस्वस्थ, अपराधाने भरलेली. आणि शेवटचे जोडलेले हात. कोण सांगेल?"

रेणूने हात वर केला. "सर, माफी. पछतावा." आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "देख ना, आँखों में ही लिखा है।"

"उत्तम," सर म्हणाले. "आणि त्यानंतर थेट काळोख. माफी मिळालेली नाही. किती संयमाने केलंय बघा."

आता माझी लाज सांगते. मी उठले नाही. मी वहीत लिहिलं, जोडलेले हात म्हणजे क्षमायाचना. स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. पंचवीस जणांनी माझ्या बापाच्या तोंडावर बोट ठेवून त्याचा गुन्हा वाचला आणि मी त्यांच्याबरोबर उतरवून घेतला. वसतिगृहात परत आल्यावर मी जेवले नाही. रेणूला वाटलं मला ताप आहे.

शनिवारी बसने निघाले, कोहमाऱ्याला गाडी बदलली, आणि दुपारी घरी पोचले. बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुरुंगात टीव्हीवाल्यांनी तुम्हाला गजांमागे उभं केलं होतं का? ते म्हणाले, छे, स्वयंपाकाच्या पडवीत मोकळा उभा होतो, कॅमेरावालाच फाटकाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, म्हणाला इकडून बरं दिसतं. आणि उजेड? एका पोराने पांढरा पुठ्ठा धरला होता एका बाजूला. आणि तुमच्या हातांचे फोटो कधी घेतले? बाबा आठवून हसले. "हात ना? ते दुसऱ्या दिवशी. मी तांदूर निसून राह्यलो होतो सैपाकात. खडे लय निघत. त्याहीनं म्हनलं, तुमी निसत राहा, आमाले फक्त बोटं पायजे."

तांदूळ निवडणारी बोटं. आमच्या घरी रोज दिसणारी. मी ती वर्गात पाहिली आणि ओळखली नाही, इतक्या जवळून कापली होती.

"काऊन विचारून राह्यली वो बाई?" बाबांनी मान वर केली. "दाखवलं का त्याहीनं?"

मी नाही म्हणाले. बापाच्या तोंडावर खोटं बोलले, कारण त्यांच्या डोळ्यांत केवढी आशा होती.

ते तलावाकडे गेल्यावर मी मायला सगळं सांगितलं. तिने कात्री थांबवली नाही. एक पान घेतलं, फरमा ठेवला, कापलं, तुकडा टोपलीत टाकला. मग म्हणाली, "पान कसं बी येते वो. लहान, मोठं, लांबडं. फरमा एकच असते. त्यात बसते तेवढं बिडीत जाते, बाकीचं चुलीत. त्याहीचा फरमा अगोदरच ठरला होता. तुहा बाप त्यात मावत नोयता, म्हून कापला." आणि मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तू वर्गात बसून पाह्यलं आन् उगी राह्यली? मी असती तं तो टीव्ही फोडला असता."

शुक्रवारी माझा नंबर आला. मी सरांना म्हणाले की बाबांचाच, म्हणजे त्या कैद्याचाच प्रसंग पुन्हा लावा. लावला. मी टीव्हीजवळ उभी राहिले आणि म्हणाले, "हे माझे वडील आहेत." रेणूच्या हातातून पेन पडलं, तो आवाज मला अजून आठवतो. मग मी एकेक सांगत गेले. हे गज फाटकाचे आहेत आणि गजांमागे कॅमेरावाला आहे, बाबा नाहीत. हा अर्धा उजेड पुठ्ठ्याचा आहे. ही बोटं तांदळातले खडे वेचत आहेत, खालचं सूप कापून टाकलं आहे. हा ढोल तिथे नव्हता, तिथे बादलीवर ठेका होता आणि माणसं टाळ्या वाजवत होती. हे कपडे त्यांचे नाहीत, कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला चालू असलेल्याला, पांढरे कपडे नसतात, तुरुंगावर माहितीपट काढणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं, आणि माहीत होतंच. हे वाक्य सोंगातलं आहे. याच्या आधी नमन होतं, सोंगाची ओळख होती. आणि हे हात माफी मागत नाहीत. सोंग उतरवत आहेत. यानंतर ते हसले होते.

सर अगदी सौम्यपणे म्हणाले, "वनिता, मला वाईट वाटतं. पण आपण व्यक्तिगत होऊ नये. विषय तंत्राचा आहे. तंत्राबद्दल बोल."

"तंत्राबद्दलच बोलून राह्यली ना जी मी!" मी ओरडले. वर्गात मी कधी घरची बोली बोलत नसे, त्या दिवशी तीच बाहेर आली. "तुमी जे जे तंत्र म्हनता ते सगळं माह्या बापावर केलं आहे."

"तरीही," सर म्हणाले, "कलाकृती म्हणून परिणाम होतोच, हे तुलाही नाकारता येणार नाही."

परिणाम होतो. सुरीचाही होतो. एखादा माणूस खोटा पाडून दाखवला आणि तो चांगला दाखवला, तर दाद खोटेपणाला द्यायची की चांगलेपणाला, हा प्रश्न सरांना पडलाच नाही. हे सगळं जिच्यात लिहून आणलं होतं ती माझी वही त्यांनी तपासायला घेतली आणि मी सीडी मागितली. ती मात्र त्यांनी दिली, नजर न मिळवता. वाहिनीला मी दोन पत्रं लिहिली, दोन्हींना उत्तर नाही. आज मी कोर्टात लघुलेखक आहे. साक्षीदार जे बोलतो ते सगळं लिहून घेते, त्याचं अडखळणंसुद्धा. नवे वकील कधी म्हणतात, मॅडम, हे एवढं कशाला घेता? मी लिहीत राहते.

ती सीडी मिळाल्यावर मी गावी येऊन मोतीराम काकांकडे गेले. गावात सीडीचं यंत्र त्यांच्याकडेच होतं. रविवारची दुपार होती, मंडळातले चार जण ओसरीत बसले होते. बाबांना मी बरोबर नेलं. वाटेत सगळं सांगितलं. माय आली नाही, ती म्हणाली मला पाहायचं नाही. मी सीडी लावायला गेले तर मोतीराम काका म्हणाले, "राहू दे बाई. आमी पाह्यलं ते. मागल्या थंडीत लागलं होतं."

म्हणजे हेच होतं. बाबा कोऱ्या चेहऱ्याने त्यांच्याकडे पाहत राहिले. "पाह्यलं? मंग तुले सोंग नाई समजलं? तुले, मोतीराम?"

"पहिले सोंगच वाटलं गा," मोतीराम काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच दुःखी होता. "आमी सगळे वाट पाहत बसलो. हात जोडले तू. म्हनलो, आता हासन. पन हासला नाई तू. सोंग पुरं झाल्यावर आयुष्यात तू न हासता मैदान नाई सोडलं. मंग सोंग कसं म्हनावं, सांग? वाटलं, भाऊ म्हंजे तो मेलेला मानूस, आन् मंडईत सोंग मोडल्यावर पळापळीत तू गल्लीत गेला असशीन."

जगात दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. शहरातल्या लोकांनी खुनी मानला तो ढोलामुळे आणि काळोखामुळे. माझं गाव त्याला फसलं नाही. माझं गाव फसलं ते नसलेल्या एका हसण्याला, कारण ते हसणं तिथे असायलाच हवं हे फक्त आम्हालाच ठाऊक होतं.

मी सीडी लावली आणि एकेक चित्र थांबवत सगळं सांगितलं. बाबा पुढे सरकून बसले. पहिल्यांदा स्वतःला पाहत होते ते. सुरुवातीला तर कलाकाराच्या डोळ्याने पाहिलं, उभं राहणं बरोबर आहे का, आवाज लागला आहे का. मग बोटं आली आणि त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. शेवटचे जोडलेले हात आले तेव्हा म्हणाले, थांबव. उठून टीव्हीजवळ गेले आणि काचेवर बोट ठेवलं.

"इथं कापलं. आनखी एक श्वास ठेवला असता तं हासलो असतो मी." मग आमच्याकडे वळून, जणू आमचीच काही चूक झाली आहे असं समजावत म्हणाले, "सोंग अंगावरच ठेवलं गा त्याहीनं माह्या."

मोतीराम काका रडले. त्या वर्षीच्या मंडईला बाबांना मानाने बोलावलं, आणि बाबा गेलेसुद्धा. पण मागे बसून टाळ वाजवले. तोंडाला रंग पुन्हा कधी लावला नाही, त्या वर्षी नाही आणि मरेपर्यंत नाही. लोक म्हणायचे वय झालं. वय झालेलं नव्हतं. एक बाटली तेल आत जाऊ दिलं नाही तेही त्यांनी सोसलं होतं, पण हे सोसलं नाही. ज्यांनी ते कापलं त्यांना त्या चित्रासाठी कौतुकाचे शब्द मिळाले असतील, चहा घेत कोणी पाठ थोपटली असेल. त्यांना माझ्या बापाचं नावही आठवत नसेल. मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि म्हातारी झाले म्हणून करायचीही नाही.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मायची नजर अधू झाली आहे, बिड्या सुटल्या, पण नुसती बसली की तिची दोन बोटं अजून कात्रीसारखी हलतात. मागच्या हिवाळ्यात ती माझ्याकडे गोंदियाला आली होती. एका सकाळी शिंगाडे सोलता सोलता एकदम म्हणाली, "तुह्यापाशी आहे ना ते? दाखव बरं." इतक्या वर्षांत तिने ते कधी पाहिलं नव्हतं. मी मोबाइलवर लावलं आणि तिच्या डोळ्यांजवळ धरलं. तिने गज पाहिले, बोटं पाहिली, म्हणाली, "तांदूर निसून राह्यला." आवाज ऐकला, टोपी पाहून नाक मुरडलं. बाबांनी हात जोडले आणि चित्र काळं झालं. मी बंद करायला गेले.

"थांब. बंद नोको करू."

"संपलं ना माय."

"कायले संपलं? आता हासन तो."

मी मोबाइल तसाच धरून ठेवला. त्या काळ्या काचेकडे ती बघत राहिली, एक श्वासभर, मग आणखी थोडा वेळ, आणि हळूहळू तिच्या तोंडावर हसू आलं.

"झालं," ती म्हणाली. "उतरलं सोंग. ठेव आता."